सातबाऱ्यावर बोजा चढवू नका

नागपूर,
रविवार

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बँकेत बोलून आलो, चार एकर लिहून देतो, तू दात सरळ करायचंच शीक, त्यात पैसा आहे." मी गप्प बसले, कारण तेव्हा बोलले असते तर रडू आलं असतं. म्हणून आता लिहिते आहे. वावर लिहून देऊ नका. मी इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात ओरल सर्जरीची, म्हणजे तोंड-जबड्याच्या ऑपरेशनची, जागा घेतली आहे. तुम्हाला न विचारता घेतली, त्याची माफी मागते.

तुम्ही म्हणता ते खोटं नाही. ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करायच्या शाखेच्या, जागांवर उड्या पडतात, शहरात ब्रेसेसना मागणी आहे. पण माझ्या रँकवर ती सरकारीत मिळत नाही, आणि खाजगीत वर्षाला ८ लाख सांगितले. तीन वर्षांचे २४. काल रात्री वही घेऊन बसले. शिकताना हप्ता नसतो, कोर्स संपल्यावरही एक वर्ष सवलत मिळते, पण व्याज काही थांबत नाही. ११ टक्क्यांनी त्या २४ चे जवळपास ३२ लाख होतात. पुढे दहा वर्षं दरमहा ४४ हजारांचा हप्ता. यात राहणं-खाणं धरलेलंच नाही. आज मी दुसऱ्याच्या क्लिनिकवर दिवसभर उभी राहून १८ हजार घेते. ब्रेसेसची एक केस दीड-दोन वर्षं चालते आणि पैसे थोडेथोडे येतात. पांढरकवड्याला तर कापूस विकल्यावरच येतील. कापसाच्या भरवशावर हप्ता बांधणं काय असतं, हे आपल्या घरात कोणाला शिकवायला नको.

२०१७ साली मी बीडीएसला लागले आणि त्याच हंगामात बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. तुम्ही बैलजोडी विकून होस्टेलचे पैसे भरलेत. मला सांगितलं की बैल म्हातारे झाले होते. पोळ्याला घरी आले तर गोठ्यात नुसत्या दावणी होत्या. तेव्हा मी काही विचारलं नाही, पण ते मनातून गेलेलं नाही. त्या शिक्षणाच्या कर्जातले अजून २ लाख १० हजार मी फेडते आहे, ते मीच फेडणार. सरकारीत फी खाजगीच्या मानानं फार कमी, वर दरमहा विद्यावेतन. त्यात ते जमेल.

पण नुसतं पैशावर बोट ठेवलं तर ते अर्धंच सांगणं होईल.

इंटर्नशिपला असताना वणीकडचा एक मुलगा आला होता, बावीस वर्षांचा. तक्रार काय, तर तिखट खाववत नाही, झोंबतं. मी म्हटलं तोंड उघड. बाबा, त्याचं तोंड एका बोटाएवढंच उघडलं. चांगल्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. गाल आतून पांढरे आणि चामड्यासारखे कडक. पंधराव्या वर्षापासून दिवसाला सुपारी-तंबाखूचे सात-आठ खर्रे. सुपारीनं गालाच्या आतलं मांस असं आवळत जातं आणि त्यातल्याच काहींना पुढे कॅन्सर होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण खर्रा टपरीवर सगळ्यांदेखत पन्नीत घोटून मिळतो. आम्ही त्याला आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायला दिल्या, रोज एक काडी वाढवायची. त्याची आई म्हणाली, भाकर वरणात कुस्करून देते, लहानपणी द्यायची तशी. तो परत काही आला नाही. मी अजून ओपीडीच्या रांगेत त्याला शोधते.

मला हे काम यायला पाहिजे. आवळलेलं तोंड मोकळं करणं, अपघातात मोडलेला जबडा प्लेट आणि स्क्रूनं जोडणं, गाठीचा तुकडा वेळेवर तपासायला काढणं. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनसाठी त्यापुढे आणखी फेलोशिप लागते, तो विचार आत्ता करत नाही. कमाई सुरुवातीला हळूच असेल, हे लपवत नाही. पण सर्जनला पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची मांडावी लागत नाही. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, जिथे डॉक्टर बोलावतील तिथे हत्यारांची बॅग घेऊन जायचं, अक्कलदाढ काढायची, पैसे घेऊन घरी यायचं.

आई, तुला रात्रीच्या ड्युटीची धास्ती आहे. ड्युटी असणार, पहिल्या वर्षी तर झोपही पुरणार नाही. पण होस्टेल मेडिकल कॉलेजच्या आवारातच आहे, चौक ओलांडावा लागत नाही. आणि लग्नाचं म्हणशील, तर तीन वर्षांनी मी एकोणतीसची होईन. ज्याला वावरावर बोजा नसलेली, रात्री-बेरात्री कामावर जाणारी बायको चालेल, त्यालाच हो म्हणू.

बाबा, शेवटचं तुमच्याशी. दिवाळीत ओट्यावर मी तुम्हाला तोंडात बोटं घालायला लावली होती. तुम्ही हसलात, "पोरगी घरातच दवाखाना मांडते" म्हणालात. दोन गेली, तिसरं अडलं. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. शाखा मी तेव्हाच निवडली होती.

येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं या. आईलाही आणा. बँकेत दिलेली कागदं आधी परत घ्या. खर्रा बुधवारपासूनच बंद ठेवा, माझ्यासाठी. मी मेडिकल चौकात उभी राहीन, तिथून आपण थेट ओपीडीत जाऊ.

तुमची लेक