लाखभर मुठी

महोदय,
लेकीकडे अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला असताना मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल सामना पाहिला. (चेंडू बहुतेक हातातच, तरी नाव फुटबॉल!) विद्यापीठाच्या ‘द व्हिक्टर्स’ या गाण्यातलं ‘हेल!’ (जय हो!) आलं की लाखभर मुठी एकदम वर. शेजारच्या आजोबांची कॉफी माझ्या गुडघ्यावर. हे गाणं १८९८ चं. मिशिगनने शिकागो विद्यापीठाला १२-११ असं निसटतं हरवलं, त्या आनंदात लुई एल्बेल या विद्यार्थ्याने रचलं. शब्द, चाल दोन्ही त्याच्याच नावावर. गाण्यातलं ‘पश्चिमेचे विजेते’ (म्हणजे ‘वेस्टर्न’ साखळीचे) हे बिरुदही तेव्हाचं. पुढे १९३९ मध्ये शिकागोने फुटबॉल संघच मोडला. आता खुन्नस ओहायो स्टेट विद्यापीठाशी. तिथे सामन्याच्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ (मिशिगनचा!) अक्षरावर लाल फुल्या मारतात!

– एक वाचक, पुणे