संक्रांतीचा काळा रंग आणि आपल्या मागावरचे कापड

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मकरसंक्रांत जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत काळ्या पोशाखांची छायाचित्रे येऊ लागतात. आमच्या पवनी तालुक्यातील मुली आणि नव्या सुना ती पाने जपून ठेवतात, मोबाईलवर एकमेकींना पाठवतात आणि दुकानात जाऊन ‘अगदी अशीच दाखवा’ म्हणून साडी मागतात. त्यामुळे त्या पानांवर काय छापले जाते याला आमच्याकडे मोठे वजन आहे आणि त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

एरवी सणासुदीला वर्ज्य मानलेला काळा रंग याच सणाला मानाने नेसला जातो, कारण तो उन्हाची ऊब धरून ठेवतो, हे आपण सारेच सांगतो. परंतु हळदीकुंकू असते दिवस मावळल्यावर. शेतातली कामे आटोपून बायका घरी येतात, हातपाय धुतात आणि मग वाण लुटायला निघतात. त्या वेळी ऊन नसते, आणि भंडारा-गोंदियाकडे जानेवारीत पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी रंगापेक्षा कापड कामाला येते. पुरवणीत मात्र जॉर्जेट, नेट आणि टिकल्यांच्या साड्याच बहुतेक दिसतात. त्या नेसलेल्या मुली गारठून वरून स्वेटर चढवतात, आणि ज्या साडीसाठी एवढी हौस केली ती झाकून जाते. शिवाय ज्या अंगणात थंडीसाठी शेकोटी पेटलेली असते, तिथे कृत्रिम धाग्याचा घोळदार पदर धोक्याचा आहे. ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो.

नटू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट संक्रांतीला मनसोक्त नटावे आणि ते नटणे उठून दिसावे, अशीच माझी इच्छा आहे. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीचेच पाहा. तिच्यासाठी हलव्याचे दागिने करतात. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन, मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत हाताने फिरवत राहावे लागते, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. तो पांढराशुभ्र काटेरी हलवा शोभतो साध्या, न चमकणाऱ्या काळ्या पोतावर. टिकल्यांच्या साडीवर तन्मणी कुठला आणि साडीचे काम कुठले, हेच कळत नाही, आणि बाजूबंदाचा दोरा टिकलीत अडकून तुटतो तो वेगळाच. बोरन्हाणाच्या बाळालाही जरीच्या टोचणाऱ्या कुडत्यापेक्षा मऊ सुती काळे झबले घालावे. अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे-चुरमुऱ्यांचा वर्षाव, एवढ्यात ते गोजिरवाणे दिसते.

असे कापड शोधायला आम्हांला लांब जावे लागत नाही. पवनी, मोहाडी, आंधळगाव या भागांत कोष्टी विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांच्या कोशांपासून आमच्याकडे टसर रेशीम निघते. त्याच्या करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाच्या साडीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी, एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे लाल काठाचा रंग काळ्या अंगात मिसळत नाही आणि दोन्ही रंग ठसठशीत दिसतात. टसर परवडत नसेल तर काळी सुती साडी आहे, वर्ध्याकडची खादी आहे. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून गूळ-लोखंडाच्या आंबवणात बुडवले की जो काळा रंग चढतो, त्याची खोली डोळ्यांना निववते. नव्या पद्धतीचेच हवे असेल तर आजीच्या पेटीतल्या काळ्या लुगड्याचा लांब कुडता शिवावा, त्यावर मधाच्या रंगाची टसरची ओढणी घ्यावी. मुलांनाही काळ्या खादीचा सदरा चांगला दिसतो. गडद सुती कापड पहिल्या एकदोन वेळा वेगळे धुऊन सावलीत वाळवले की पुढे त्रास देत नाही.

आमच्या विदर्भात कापूस पिकतो, पण सणाच्या दिवशी अंगावर मात्र दूरच्या गिरणीतले पॉलिएस्टर असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलींना आपले कापड आवडत नाही, हे मला मान्य नाही. देखण्या छायाचित्रात, चांगल्या शिलाईसह ते त्यांच्यासमोर येतच नाही.

म्हणून विनंती अशी की, येत्या संक्रांतीच्या पुरवणीत निदान एक पान विदर्भातील मागांवरच्या काळ्या कापडाला द्यावे, ते कुठे मिळते आणि साधारण कितीला मिळते हेही छापावे. मात्र ते पान जानेवारीत न येता मार्गशीर्ष लागताच यावे. हातमागावर साडी उतरायला दिवस लागतात आणि ब्लाउज शिवायला गावच्या शिंप्यालाही वेळ हवा असतो. संक्रांतीच्या आठवड्यात मागणी आली तर विणकर ती पुरी करू शकत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा तयार जॉर्जेटकडेच वळते.

आपली नम्र,
एक वाचक, तालुका पवनी, जिल्हा भंडारा