सीटीवाल्या ताई, त्या दोन बोटांबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. मुतखड्याच्या कळा येत असताना ते सुचतं कुणाला! मार्चमधल्या त्या रात्री कमरेत वाकून, पिवळी पिशवी छातीशी धरून आलेला पेशंट म्हणजे मी.

"आधी सीटी स्कॅन झालाय का?" तुम्ही विचारलंत. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे झाला होता, तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं. पिशवीतली सीडी लावून तुम्ही थेट शेवटच्या पानावर गेलात. डीएलपी, म्हणजे त्या अख्ख्या स्कॅनमधल्या किरणांचा आकडा, ८४०. लगेच डॉक्टरांना फोन. "सर, जुना खड्याचाच पेशंट आहे, बासष्ट किलो. लो डोसवर घेऊ?"

मग मला झोपवलंत, हात डोक्यावर घ्यायला लावलेत आणि टेबल जेमतेम दोन बोटं वर उचललंत. मला वाटलं, उगाच चाललंय. नंतर तुम्हीच सांगितलंत, की पेशंट मधोमध नसला तर मशीनला तो आहे त्याहून जाड वाटू शकतो आणि ते आपणहून किरण वाढवतं. मागचा स्कॅन पार छातीपासून घेतला होता. तुम्ही मूत्रपिंडाच्या जरा वरपासून मूत्राशयापर्यंतच घेतलात.

"फोटो थोडा दाणेदार येईल," तुम्ही म्हणालात, "पण खडा लपत नाही, पांढराच दिसतो." दिसला. ४ मिलिमीटर, मूत्रनलिकेच्या पार खालच्या टोकाला. डीएलपी १९०.

घरी आकडेमोड केली (सवय आहे, बँकेत तीस वर्षं काढली). पोटाच्या सीटीत डीएलपीला ०.०१५ ने गुणलं की शरीराला किती मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मिळाले याचा ढोबळ अंदाज येतो. तेव्हाचे साडेबारा, आताचे तीनही नाहीत. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब सव्वा वर्षावर आला. सीटीला माझी ना नाही, त्याच्याशिवाय निदान अडलं असतं. पण खडा पुन्हापुन्हा होणाऱ्या माणसाच्या खात्यात हे साठत जातं.

खडा अकराव्या दिवशी पडला. नंतरची तपासणी सोनोग्राफीवर भागली. पाकिटावर तुम्ही निळ्या पेनाने दोन्ही आकडे लिहून दिले होतेत, ते पाकीट पिवळ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलंय.

आपला,
बासष्ट किलोचा पेशंट