धुराचे इंधन, पण उत्प्रेरकाचे काय?

महोदय,

धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात, पण त्यांत उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न खपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा, उल्लेख अभावानेच असतो. खरी मेख तिथेच आहे. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन निकेलवरून सोडले तर मुख्यतः मिथेन मिळतो. तेच वायू दाबाखाली तांबे आणि झिंक ऑक्साइडवरून सोडले तर मिथेनॉल हे द्रव इंधन. यात तांब्याचे कण अवघे काही नॅनोमीटरचे लागतात. अभिक्रियेत पाणीही तयार होते. ते पाणी आणि अडीचशे अंशांच्या आसपासची उष्णता यांमुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि उत्पादन घसरते. कण विखुरलेले राहावेत म्हणूनच त्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) घालतात. वायूत गंधक राहिले तर तांब्याचा कारभार आटोपलाच, आणि कोळशाच्या धुरात गंधकाला काय तोटा!

उत्प्रेरक कितीही सरस असला तरी तो अभिक्रियेचा समतोल, म्हणजे ती जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकते ती मर्यादा, बदलत नाही. एका फेरीत थोडाच वायू रूपांतरित होतो, उरलेला पुन्हा फिरवावा लागतो. शिवाय टनभर मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला तर त्यातच पुन्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि सगळे मुसळ केरात.

तेव्हा ‘रोज किती टन’ याबरोबरच उत्प्रेरक किती तास टिकला, सोबत नको असलेला कार्बन मोनॉक्साइड किती निघाला आणि हायड्रोजन कुठून आणला, एवढे तरी बातमीदारांनी विचारून छापावे.

– एक रसायन अभियंता, डोंबिवली