चार सेकंदांचा ठेका

जर्सी सिटी
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय संज्या,

तुझी लांबलचक मेल वाचली. तुझा मुलगा दिवसभर कानात घालून जे ऐकतो त्याला गाणं म्हणायची तुझी तयारी नाही, आणि १९९४ नंतर हिप-हॉप संपलं, असं तू लिहिलंस. दोन रात्री तेच डोक्यात होतं. फोनवर बोललो असतो तर भांडलो असतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी ९४चंच घे. त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रॅपर नॅसचा 'इलमॅटिक' हा अल्बम आला, पोरगा वीस वर्षांचा होता. तुझ्यासाठी ते शिखर, माझ्यासाठीही. पण त्याच वर्षी शिकागोच्या कॉमन या रॅपरनं एक गाणं केलं. त्यात तो जुन्या प्रेमाची गोष्ट सांगतो. ती मुलगी आधी किती साधी होती, मग पैशाच्या आणि दिखाव्याच्या नादी कशी लागली. शेवटी कळतं, ती मुलगी म्हणजे हिप-हॉप! आपण ज्या वर्षाला सोन्याचं म्हणतो, त्या वर्षी आतलाच एक जण 'ही बिघडली' म्हणून हळहळत होता.

मागच्या महिन्यात मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला, हिप-हॉप जिथे जन्मलं म्हणतात तिथे, जाऊन आलो. १५२०, सेज्विक अ‍ॅव्हेन्यू. विटांची उंच इमारत, शेजारून हायवे, ट्रकांची घरघर थांबतच नाही. ११ ऑगस्ट १९७३ला इथल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेलनं पार्टी ठेवली होती. शाळा उघडायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात गाणारा गप्प होतो आणि नुसता ठेका उरतो, त्या तुकड्याची नाचणारी पोरं वाट बघतात, हे त्यानं हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायला लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश हा दुसरा डीजे रेकॉर्डवर क्रेयॉननं खूण करायचा, आणि ती बघून बोटानं तबकडी मागे फिरवून नेमका समेवर यायचा.

तिथे उभा असताना मला डोंबिवलीचं तुमचं घर आठवलं. पंचमच्या गाण्यातला चार सेकंदांचा ठेका, आणि तुझ्या बाबांचा दोन कॅसेटींचा डबल डेक. एकीकडे प्ले, दुसरीकडे रेकॉर्ड आणि पॉज. तू पॉज सोडायचास, मी रिवाइंड करायचो. तीस वेळा जोडला तेव्हा कुठे दोन मिनिटं भरली. मधे एका जोडावर अर्धी मात्रा सुटली होती, ती मला अजून ऐकू येते. इकडचीही कितीतरी पोरं असंच पॉज दाबत शिकली, हे आपल्याला फार नंतर कळलं.

म्हणून, संज्या, काहीच हरवलं नाही असं मी म्हणणार नाही. हरवला तो तबकडीवरचा हात. पण तो ९४नंतर हरवला नाही. १९७९मध्येच 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं निघालं. इथून अर्ध्या तासावर एंगलवुड आहे, तिथल्या कंपनीचं. मागे ठेका धरायला स्टुडिओतले वादक होते, डीजे गायब. ते म्हणणाऱ्यांतल्या हँकनं जे म्हटलं ते ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरचे शब्द. इतके जसेच्या तसे की कॅझचं जुनं नाव, कॅसानोव्हा, तेही हँक अक्षर-अक्षर करून म्हणतो. रेकॉर्डवर मात्र कॅझचं नाव कुठेच नाही. रॅपचं पहिलं मोठं हिट हे असं होतं. सगळं निर्मळ होतं असा काळ मला तरी सापडत नाही.

दुसरा घाव कोर्टात बसला. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं, जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून, रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला आणि 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेनं त्याची सुरुवात केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे लागायला लागले. पब्लिक एनिमी या गटासारखे डझनभर तुकडे एकावर एक रचणं कुणालाच परवडेना. हे पोरांच्या आळसानं झालं नाही, हे तुला मान्य करावंच लागेल. डी ला सोल या गटाचा १९८९चा पहिला अल्बम आठव, ती पिवळी कॅसेट. त्या परवानग्यांच्या गुंत्यात तो ऑनलाइन यायला मार्च २०२३ उजाडला. त्यांच्यातला डेव्ह जोलिकर फेब्रुवारीतच वारला. तीन आठवडे, फक्त तीन आठवडे! त्या दिवशी गाडीत तो अल्बम लावला आणि मला पुढे चालवता येईना, बाजूला घेऊन थांबलो.

तू म्हणतोस ते आजचं उथळपण मलाही टोचतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक मोजणी होते, त्यामुळे गाणं सुरू झालं न झालं तोच हुक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, अंगावर येतो. पण शब्द कुठे आटलेत? २०१८मध्ये रॅपर केंड्रिक लमारला पुलित्झर मिळालं. संगीतातलं ते बक्षीस तोवर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलं नव्हतं. आणि तुझ्या इतक्या जवळ, आरेच्या जंगलासाठी स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाची पोरं वारली पाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन गायली. ते तू ऐकलंस का? नसशील, तर आधी ऐक, मग मला लिही.

मुलाला मात्र टोकू नकोस. आपल्यालाही तुझ्या आजी 'हे काय बडबडणं' म्हणायच्या, आणि तरी चहा आणून द्यायच्या.

ती पॉज टेप तुझ्याकडेच आहे. माळ्यावर, बाबांच्या ट्रंकेत बघ. निळं लेबल, माझ्या अक्षरात '२ मिनिटं' लिहिलेलं. टेप सैल झाली असेल, लावण्याआधी पेन्सिलीनं गुंडाळून घे. मुलाला शेजारी बसव आणि आधी काहीही न सांगता ऐकव. तो अर्धी मात्रा पकडतो का, ते मला कळव.

तुझाच,
अव्या