शाळेचा वार्षिक अंक कुठे गेला?

महोदय,

परवा माळा साफ करताना 1984 चा शाळेचा वार्षिक अंक सापडला. पिना गंजलेल्या, कव्हर सुटलेलं. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी असे चार विभाग. मराठीचा सगळ्यात जाड. त्यात मलप्रभेच्या पुरावरची माझी कविता (कविता कसली, यमकं जुळवलेली!) आणि खाली छापखान्याने केलेला माझ्या आडनावाचा बट्ट्याबोळ. तरी आईने तो अंक अख्ख्या गल्लीत फिरवला होता.

आता नात त्याच शाळेत आहे. अंकाचे पैसे फीबरोबर घेतात, येते मात्र मोबाइलवर पीडीएफ. बक्षीस समारंभाचे फोटो भरपूर, मराठीची पानं दोन. छपाई परवडत नाही म्हणे. मग भिंतीवर हस्तलिखित तरी लावा!

1909 च्या ‘मनोरंजन’पासूनच्या दिवाळी अंकांचं आपल्याला केवढं कौतुक; शाळांचे अंक मात्र किलोच्या भावाने रद्दीत जातात. बेळगावात 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. सीमाभागातल्या शाळांनी जुन्या अंकांची एकेक प्रत तिथे द्यावी. माझा 1984 चा अंक द्यायला मी तयार आहे, आडनाव चुकलेलं असलं तरी.

– एक माजी विद्यार्थी, खानापूर (जि. बेळगाव)