राक्षसासाठी रडलास ते

लातूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत नेलेल्या चारही पुस्तकांबद्दल तू लिहिलंस, फार बरं वाटलं. पण जाता जाता एक ओळ टाकलीस, 'फ्रँकेन्स्टाईन वाचताना रडू आलं तर रूमवरची पोरं हसली, म्हणाली राक्षसासाठी कोण रडतंय', आणि मी तिथंच अडकले. फोनवर हे बोलणं होत नाही. तू मेसच्या रांगेत असतोस आणि माझं अर्धं लक्ष गॅसवर. म्हणून लिहायला बसलेय.

रडू नेमकं कुठं आलं ते तू सांगितलं नाहीस. माझा अंदाज, त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरापाशी. फ्रँकेन्स्टाईननं घडवून टाकून दिलेला तो जीव त्या घराला चिकटून असलेल्या खोपटात महिनोन्‌महिने लपून राहतो. फटीतून आतल्या माणसांकडे बघत बघत बोलायला शिकतो, पुढं वाचायलाही शिकतो. ती माणसं गरीब आहेत हे ध्यानात आल्यावर त्यांच्यातलं अन्न चोरायचं बंद करतो आणि रात्री रानातून लाकडं आणून त्यांच्या दारात टाकतो. सकाळी ती माणसं नवल करतात आणि हा आतल्या आत सुखावतो. मग एक दिवस धीर करून, म्हातारा एकटा असताना आत जातो. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणून तो त्याच्याशी माणसासारखं बोलतो. तेवढ्यात घरचे परत येतात आणि मुलगा काठीनं झोडपायला लागतो. याच्या अंगात त्याला उचलून फाडायची ताकद आहे, तरी हा हात उगारत नाही.

इथं ज्याला काहीच होत नाही, त्यानं तो मानेला खिळे ठोकलेला राक्षस तेवढा बघितलाय. ते खिळे १९३१च्या सिनेमातले. पुस्तकात कुठं नाहीत. फ्रँकेन्स्टाईन हेसुद्धा घडवणाऱ्याचं नाव. ज्याला घडवलं त्या बिचाऱ्याचं बारसंच झालेलं नाही.

मेरी शेलीनं हे लिहायला घेतलं १८१६च्या जूनमध्ये, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, वयाच्या १८व्या वर्षी. आदल्या साली इंडोनेशियात तांबोराचा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळं त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं. हे कुठंही वाचायला मिळेल. मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. १८१५मध्ये तिची पहिली मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली. त्यानंतर तिनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय: बाळ पुन्हा जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढं चोळल्यावर जगलं. पुढच्या वर्षी हीच पोर मेलेल्या देहात जीव घालणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिते. आणि तो जीव डोळे उघडतो तेव्हा घडवणारा पळून जातो. मी आई आहे, मला सगळा गुन्हा तिथंच घडलेला दिसतो. तू रडलास, म्हणजे तुला त्या लेखिकेचं ऐकू आलं. हसणाऱ्यांपुढं ते झाकून ठेवू नकोस.

नारायण धारपांच्या त्या भयकादंबरीनंतर दिवा चालू ठेवून झोपावं लागलं, याचीही तुला लाज वाटायली असं दिसतंय. लाज कसली? माझं ऐक. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. आमचं गाव औसा तालुक्यातलंच, पण जरा लांब. आमच्या घराला तडे गेले, माणसं वाचली. तिकडं किल्लारी-सास्तूरकडं मात्र जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही अंगणात आणि मग पत्र्याखाली झोपलो. त्या वेळी माझ्याकडं वाचनालयातून आणलेली धारपांचीच एक कादंबरी होती, झपाटलेल्या घराची. ती मला पुढं वाचवेना. भुताचं काही वाटत नव्हतं. गोष्टीतलं कुणी जिना चढून वर गेलं, दार लावून अंथरुणावर पडलं, की माझ्या छातीत धस्स व्हायचं. चार भिंतींच्या आत ही माणसं झोपतात तरी कशी, एवढंच मनात यायचं.

बऱ्याच वर्षांनी मी धारप पुन्हा हातात घेतले, त्यांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथा. त्यांत संकट कितीही अघोरी असो, एक जाणता माणूस येतो. समोर काय आहे हे त्याला कळतं आणि त्याचा बंदोबस्त कसा करायचा हेही ठाऊक असतं. भुताला हद्द असते, नियम असतात. त्या पहाटे जमिनीला कसलीच हद्द नव्हती आणि असं का झालं हे सांगणारं आमच्या अंगणात कुणी नव्हतं. म्हणून मला त्या कथांनी आधार दिला. तुझं तसं होईलच असं नाही. तू खुशाल दिवा चालू ठेव. घाबरायचं म्हणूनच तर ते पुस्तक हातात घेतलंस ना?

ऑर्वेलचं '१९८४' तू १०१ नंबरच्या छळाच्या खोलीपाशी मिटलंस, तो उंदरांचा पिंजरा आला तिथं. मिटलंस तर मिटलंस. मीसुद्धा ती पानं भराभर उलटते. पण तुझ्या आजोबांचं सांगते. शेवटी शेवटी अण्णांना डोळ्यांनी वाचवत नव्हतं, तेव्हा रात्री जेवणं झाली की मी त्यांना हे पुस्तक थोडं थोडं आपल्या भाषेत सांगायचे. सरकारची सगळ्यांवर नजर असताना त्यातला नायक विन्स्टन चोरून रोजनिशी लिहायला लागतो इथवर आले आणि अण्णा खाटेवर उठून बसले.

"अन् वही कुठं ठेवायचा गं तो?"

"टेबलाच्या खणात."

"मग सापडंल की."

मी सांगितलं, कुणी हात लावला तर कळावं म्हणून तो वहीच्या कोपऱ्यावर धुळीचा एक पांढुरका कण ठेवतो. अण्णांनी मान हलवली. "हुशार आहे. पण त्यांनाबी ते ठाऊक असंल."

पुढं तसंच निघतं. पोलिसांनी वही बघून तो कण जसाच्या तसा परत ठेवलेला असतो. अण्णांना हे आधीच कसं कळलं? ते निझामाच्या राज्यात वाढले. शाळा उर्दूत, आणि चार माणसांची सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी. सभाबंदीचं १९२९चं ते परिपत्रक, गश्ती निशाण ५३, त्यांना अखेरपर्यंत नंबरासकट पाठ होती. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झालं, ऑर्वेलचं पुस्तक छापून आलं जून १९४९मध्ये. दूरच्या काळाची कल्पना म्हणून लोकांनी जे वाचलं, ते अण्णांना ओळखीचं होतं. त्यांना त्या गोष्टीची भीती वाटली नाही, पण रागानं त्यांचा हात थरथरत होता. तुला भीती वाटली, त्यांना राग आला. दोघांनीही मनापासून वाचलंत.

तुझ्या इंग्रजी प्रतीत कादंबरी संपल्यावर एक परिशिष्ट आहे, त्या राजवटीनं घडवलेल्या भाषेबद्दल. पुष्कळ जण ते सोडून देतात. ते सगळं भूतकाळात लिहिलंय आणि साध्या, नेहमीच्या इंग्रजीत. म्हणजे ती सत्ता कधीतरी गेली आणि नंतर कुणीतरी हे लिहायला उरलं, असं काही वाचक मानतात. मीही मानते. १०१ ओलांडवत नसेल तर राहू दे, पण तेवढं परिशिष्ट वाच.

आता व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. 'छान आहे, पण काही घडतच नाही', असं लिहिलंस. हे मला मुळीच पटलं नाही. चारांतलं सगळ्यांत भयंकर पुस्तक तेच आहे. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो. लोक हळूहळू त्याला आपलं म्हणतात, सगळे मिळून राबतात आणि तालीम उभी राहते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात. माणसं बिऱ्हाडं उचलून वाटेला लागतात, आणि मास्तरभोवती रिकामी घरं उरतात. माडगूळकरांनी हे इतक्या हलक्या आवाजात सांगितलंय की घाईघाईत वाचणाऱ्याला काही घडलं असं वाटत नाही.

तुला २०१६ आठवतं ना? त्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं, पाच माणसांनी जमायचं नाही म्हणून. कुणी हे कादंबरीत लिहिलं असतं तर तू त्याला डिस्टोपिया, '१९८४'सारखी भयाण जगाची गोष्ट, म्हणाला असतास. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तू दहा वर्षांचा होतास. तुझ्याकडं ती लहान स्टीलची कळशी असायची, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून तू जिभेचं टोक दातात धरून चालायचास. आपल्या गल्लीतली दोन बिऱ्हाडं त्या उन्हाळ्यात पुण्याला गेली, ती परत आली नाहीत. माडगूळकरांनी १९५५मध्ये माणदेशातल्या वाडीचं लिहिलं, पण मला शेवटची पानं वाचताना आपली गल्ली दिसते आणि पोटात खड्डा पडतो. धारपांनी माझं असं कधी केलं नाही.

तर शेवटची वीस-पंचवीस पानं पुन्हा वाच, हळू. भयकथा समजूनच वाच आणि मग काय वाटलं ते मला कळव. तरीही नाहीच आवडलं तर तसं लिही, मी भांडेन पण ऐकून घेईन. 'फ्रँकेन्स्टाईन' एवढ्यात परत आणू नकोस. त्या हसणाऱ्या पोरांतल्या कुणाला हवं असेल तर दे, म्हाताऱ्याच्या घराचा भाग आधी वाचायला सांग.

शेंगदाण्याचे लाडू आणि करडईचं तेल शनिवारच्या एसटीनं पाठवतेय. स्टँडवर जाऊन घे.

तुझी
आई